कम्युनिटी कॉलेजचा ‘प्रेसिडेंट’: अध्यक्ष, कुलगुरू की प्राचार्य?

कॅलिफोर्नियातील एका वाचकांनी प्रश्न विचारला आहे. ते तेथील मराठी मंडळाच्या अंकासाठी स्थानिक घडामोडींचे टिपण लिहितात. त्यांच्या भागातील कम्युनिटी कॉलेज सध्या नव्या ‘प्रेसिडेंट’च्या शोधात आहे. त्यांनी टिपणाला ‘महाविद्यालयाच्या अध्यक्षाची निवडणूक’ असे शीर्षक दिले, संपादकांनी ते बदलून ‘कुलगुरूंची निवड’ असे केले, आणि पुण्यातील एका नातेवाइकांनी दोन्ही खोडून ‘प्राचार्यांची नेमणूक’ असे सुचवले. तिघांपैकी बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते पुण्याचे नातेवाईक बरोबर आहेत. मात्र शब्दकोशात ‘प्रेसिडेंट’समोर ‘अध्यक्ष’ असेच छापलेले सापडत असल्यामुळे, तो शब्द येथे का चालत नाही हे सविस्तर सांगायला हवे.

आजच्या मराठीत अध्यक्ष म्हणजे मंडळाच्या, सभेच्या किंवा संस्थेच्या शीर्षस्थानी बसणारी व्यक्ती. ती बहुधा सभासदांतून येते आणि रोजचा कारभार तिच्या हाती असतोच असे नाही. विधानसभेचे अध्यक्ष सभागृहाचे कामकाज चालवतात, राज्याचा कारभार चालवत नाहीत. शिक्षणक्षेत्रात तर ही विभागणी आपल्याकडे फार जुनी आणि स्पष्ट आहे. महाविद्यालय चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेला अध्यक्ष असतो आणि महाविद्यालयाला प्राचार्य असतो. रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आणि रयतच्या एखाद्या महाविद्यालयाचे प्राचार्य ही दोन अगदी वेगळी पदे आहेत, हे महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे ‘महाविद्यालयाचे अध्यक्ष’ असे वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर संस्थाचालक उभा राहतो, महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून अंदाजपत्रक आखणारा पगारी प्रमुख नव्हे.

अडचण एवढ्यावर थांबत नाही, कारण अमेरिकन कम्युनिटी कॉलेजातही तो दुसरा अध्यक्ष असतोच. कॅलिफोर्नियात ही महाविद्यालये स्थानिक ‘डिस्ट्रिक्ट’च्या ताब्यात असतात, डिस्ट्रिक्टवर मतदारांनी निवडून दिलेले विश्वस्त मंडळ असते आणि ते मंडळ आपल्यातूनच एक अध्यक्ष निवडते. आता कॉलेजच्या प्रेसिडेंटलाही अध्यक्ष म्हटले, तर ‘मंडळाच्या अध्यक्षांनी नव्या अध्यक्षांचे स्वागत केले’ असे वाक्य लिहावे लागेल आणि ते वाचणाऱ्याला मंडळात सत्तांतर झाले असे वाटेल. आपल्या जिल्हा परिषदेची रचना आठवली तर हे नाते लगेच उलगडते. तेथे अध्यक्ष निवडून आलेल्या सदस्यांतून येतो आणि मुख्य कार्यकारी अधिकारी नेमलेला असतो. कॉलेजचा प्रेसिडेंट या दुसऱ्या जागेवरचा आहे.

गंमत अशी की ‘अध्यक्ष’ या शब्दाचा जुना अर्थ पाहिला, तर तो या पदाला उत्तम शोभला असता. अध्यक्ष म्हणजे देखरेख करणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण ‘अध्यक्षप्रचार’ या नावाचे आहे आणि त्यातील सीताध्यक्ष, पण्याध्यक्ष, नावध्यक्ष, सुराध्यक्ष हे सगळे राजाने नेमलेले, पगारी आणि हिशेब देण्यास बांधलेले खातेप्रमुख आहेत. सीताध्यक्ष शेतीकडे पाहतो, नावध्यक्ष जलवाहतुकीकडे. सभेचे अध्यक्षस्थान त्यांपैकी कोणीही भूषवत नाही. पण शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ जुन्या अर्थाने बदलता येत नाही. मंडळाच्या अंकातील बातमी वाचणारा माणूस अर्थशास्त्र उघडून बसणार नाही. इंग्रजी शब्दाचा प्रवासही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. हार्वर्ड कॉलेजात हेन्री डन्स्टर १६४० साली प्रेसिडेंट झाले, म्हणजे अमेरिकेला राष्ट्राध्यक्ष मिळण्यापूर्वी जवळजवळ दीडशे वर्षे तेथे कॉलेजप्रमुखासाठी हे पदनाम वापरात होते. तेव्हा ‘कॉलेजलासुद्धा प्रेसिडेंट कशाला’ या प्रश्नामागे आपण समजतो तो क्रमच उलटा आहे.

आता संपादकांचा ‘कुलगुरू’ घेऊ. तो शब्द सुचण्यामागे अदब आहे, पण माहिती अपुरी आहे. कुलगुरू हा विद्यापीठाचा प्रमुख असतो आणि विद्यापीठ म्हणजे पदव्या देणारी स्वायत्त संस्था. कम्युनिटी कॉलेजात मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात. पुष्कळ विद्यार्थी तेथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जातात आणि बाकीचे एखादे व्यावसायिक कौशल्य शिकून कामाला लागतात. अशा संस्थेच्या प्रमुखाला कुलगुरू म्हटले की संस्थेचे स्वरूपच चुकीचे कळते. हार्वर्डच्या किंवा एमआयटीच्या प्रेसिडेंटना मात्र कुलगुरू म्हणण्यास माझी हरकत नाही. इंग्रजी पदनाम एकच असले तरी संस्था वेगळी असल्यामुळे मराठी शब्द बदलतो, आणि तसा तो बदलावाच.

कॅलिफोर्नियातील उच्च शिक्षणाची रचना पाहिली तर इंग्रजी पदनामाला एकच ठरीव मराठी शब्द चिकटवणे किती धोक्याचे आहे हे कळते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या दहा परिसरांवर मिळून एक प्रेसिडेंट असतो आणि प्रत्येक परिसराचा प्रमुख चॅन्सेलर असतो. त्याच राज्यातील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत नेमके उलट आहे. तेथे सर्वांच्या वर चॅन्सेलर आणि प्रत्येक परिसराला प्रेसिडेंट. कम्युनिटी कॉलेजांनी ही दुसरी पद्धत घेतली आहे. राज्यात ७३ डिस्ट्रिक्टमध्ये मिळून ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत, आणि ज्या डिस्ट्रिक्टमध्ये एकाहून अधिक कॉलेजे असतात तेथे डिस्ट्रिक्टचा चॅन्सेलर वर आणि कॉलेजांचे प्रेसिडेंट त्याच्या हाताखाली असतात. बे एरियातील मराठी कुटुंबांना परिचित असलेले कुपर्टिनोचे डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचे फूटहिल ही दोन कॉलेजे मिळून असे एक डिस्ट्रिक्ट बनते. डी अँझाच्या प्रेसिडेंट मार्था कँटर २००३ साली त्या डिस्ट्रिक्टच्या चॅन्सेलर झाल्या आणि २००९ साली ओबामा प्रशासनात शिक्षण खात्याच्या अवर सचिव म्हणून गेल्या. कोशाला प्रमाण मानून ‘अध्यक्ष असलेल्या कँटर कुलपती झाल्या’ असे लिहिले, तर महाराष्ट्रातील वाचकाला त्यांना बढती मिळाली की शोभेचे पद मिळाले हे कळणार नाही, कारण आपल्याकडे सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल.

कुलपतीविषयी एक सावधगिरीही सांगून ठेवतो. हिंदीत ‘कुलपति’ म्हणजे आपला कुलगुरू आणि ‘कुलाधिपति’ म्हणजे आपला कुलपती. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये कुलपतीऐवजी कुलगुरू हे पदनाम स्वीकारल्यापासून हिंदीतही हे चित्र बदलू लागले आहे, पण हिंदी बातम्यांवरून मराठी मजकूर बेतणाऱ्यांच्या हातून हा घोटाळा अजूनही होतो. दहा हजार शिष्यांना अन्न देऊन शिकवणारा ऋषी तो कुलपती, अशी या शब्दाची जुनी व्याख्या आहे. शाकुंतलात कण्वांना कुलपती म्हटले आहे ते याच अर्थाने. त्या व्याख्येत राज्यपाल कुठेच बसत नाहीत, पण तो वाद येथे नको. अमेरिकन डिस्ट्रिक्टच्या चॅन्सेलरला मराठीत ‘चॅन्सेलर’च म्हणावे आणि पहिल्या उल्लेखात ‘डिस्ट्रिक्टमधील सर्व महाविद्यालयांचे प्रमुख’ एवढे स्पष्टीकरण जोडावे. ‘डिस्ट्रिक्ट’चा ‘जिल्हा’ करू नये हे ओघानेच आले. ते महसुली एकक नाही, आणि ‘जिल्हाप्रमुख’ म्हटले तर मराठी वाचकाला भलताच पक्ष आठवेल.

उरला ‘प्राचार्य’. ‘प्रगत आचार्यः प्राचार्यः’ हे संस्कृत व्याकरणात समासाचे उदाहरण म्हणून येते. महाविद्यालयाचा प्रमुख हा अर्थ मात्र आधुनिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रमुख ‘प्रिन्सिपॉल’ म्हणवले जात. त्या पदावरील पहिले गृहस्थ वामन शिवराम आपटे हे स्वतः कोशकार होते, ही शब्दचर्चा करणाऱ्यांना सुखावणारी गोष्ट. त्यांच्या पश्चात १८९२ मध्ये आगरकर त्या जागी आले. पुढे प्राचार्य हा शब्द इतका रुळला की तो घडवलेला शब्द आहे हे आज जाणवतही नाही.

या शब्दावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की अमेरिकेत ‘प्रिन्सिपल’ म्हणजे शाळेचा मुख्याध्यापक, त्यामुळे कॉलेजप्रमुखाला प्राचार्य म्हणणे म्हणजे त्याची पायरी उतरवणे. हा आक्षेप इंग्रजीतून विचार करणाऱ्याचा आहे. मराठीत शाळेला मुख्याध्यापक आणि महाविद्यालयाला प्राचार्य असतो, आणि आपला वाचक मराठी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्राचार्य या शब्दात आचार्य आहे, अध्यापन आहे. अमेरिकन प्रेसिडेंटचा दिवस मात्र निधी उभारणे, अंदाजपत्रक, कर्मचारी संघटना, स्थानिक उद्योगांशी करार आणि विश्वस्त मंडळाच्या बैठका यांत जातो. हे खरे आहे, पण आपल्या प्राचार्यांचा दिवस तरी कुठे वर्गात जातो? पदनामातील धातू आणि पदावरील काम यांचा मेळ सर्वत्र घालायचा ठरवला, तर सचिव, संचालक, अधीक्षक या सगळ्यांचीच नावे बदलावी लागतील.

संस्थेच्या नावाबद्दल थोडेसे. ‘कम्युनिटी कॉलेज’ तसेच ठेवावे. ‘सामुदायिक महाविद्यालय’ म्हटले की सामुदायिक विवाहाची आठवण होते, आणि ‘समाजाचे महाविद्यालय’ म्हटले तर ‘कोणत्या समाजाचे?’ हा प्रश्न आपल्याकडे ठरलेलाच आहे. १९४७ च्या ट्रुमन आयोगाने जे नाव रूढ केले त्यातील ‘कम्युनिटी’ म्हणजे त्या परिसरातील लोक. त्याआधी अशा कॉलेजांना ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत. १९०१ साली सुरू झालेले इलिनॉयमधील जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही तेच नाव लावते. त्याचे भाषांतर ‘कनिष्ठ महाविद्यालय’ असे केले तर मराठी वाचक ते अकरावी-बारावीचे समजेल, म्हणून तेथेही मूळ नावच राखावे.

‘निवड’, ‘निवडणूक’ आणि ‘नेमणूक’ यांतील फरक प्रश्नकर्त्यांनी गृहीत धरला त्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. निवडणुकीत मतदार असतात आणि उमेदवार त्यांच्यापुढे मत मागतात. निवड म्हणजे अनेकांतून एकाला पसंत करणे. ती समितीही करू शकते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक बंद होऊन २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून निवड होऊ लागली, असे आपण लिहितो तेव्हा हाच भेद पाळतो. कम्युनिटी कॉलेजच्या बाबतीत निवडणूक होते ती विश्वस्तांची. प्रेसिडेंटसाठी जाहिरात निघते; प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी आणि स्थानिक नागरिक यांची समिती अर्ज छाननी करून मुलाखती घेते; अखेरच्या फेरीतील दोन-चार उमेदवार बहुधा खुल्या सभेत प्रश्नांना उत्तरे देतात; आणि मग चॅन्सेलरच्या शिफारशीवर विश्वस्त मंडळ शिक्कामोर्तब करते. खुली सभा असते म्हणून ती निवडणूक ठरत नाही, कारण श्रोत्यांकडून अभिप्राय घेतात, मत घेत नाहीत. या साऱ्या प्रक्रियेला ‘निवड’ म्हणावे आणि मंडळाच्या अंतिम ठरावाला ‘नेमणूक’ किंवा ‘नियुक्ती’. या दोहोंत मला नेमणूक अधिक घरगुती वाटते. पेशवाईच्या कागदांत ती ठरवून दिलेल्या वेतनासाठीही येते, म्हणजे पगारी पदाशी तिचे नाते जुनेच आहे. नव्या प्राचार्यांना ‘नवनिर्वाचित’ मात्र म्हणू नये, ‘नवनियुक्त’ म्हणावे.

त्या समितीला ‘शोध समिती’ हा शब्द तयार आहे. महाराष्ट्रात कुलगुरूपदासाठी नावे सुचवणाऱ्या समितीला तो रूढ आहे आणि तेथेही समिती नावांची शिफारस करते, नेमणूक कुलपती करतात. ‘निवड समिती’ म्हटल्यास अंतिम निर्णय तिचाच असल्याचा भास होतो. नवी व्यक्ती येईपर्यंत काम पाहणाऱ्यास ‘प्रभारी प्राचार्य’ म्हणावे. ‘कार्यकारी’ म्हणू नये, कारण तो शब्द राजकीय पक्षांच्या कार्यकारी अध्यक्षांमुळे वेगळ्या अर्थाने परिचित झाला आहे. ‘हंगामी’ चूक नाही, पण त्यात नोकरीच्या कच्चेपणाची छटा येते.

नेमणूक स्त्रीची झाल्यास ‘प्राचार्या’ लिहावे का, असेही प्रश्नकर्त्यांनी ताजा कलम जोडून विचारले आहे. ‘प्राचार्या’ व्याकरणशुद्ध आहे; संस्कृतात स्वतः शिकवणारी ती आचार्या आणि आचार्यांची पत्नी ती आचार्यानी असा स्पष्ट भेद आहे. तरीही पदनाम म्हणून मी ‘प्राचार्य’च पसंत करीन, जसे प्रतिभा पाटील यांना आपण राष्ट्रपती म्हटले. मराठी क्रियापद लिंग सांगतेच: ‘प्राचार्य म्हणून रुजू झाल्या’ या वाक्यात कोणताही संदेह उरत नाही.

म्हणून टिपणाचे शीर्षक ‘कम्युनिटी कॉलेजला नवे प्राचार्य: शोध समितीचे काम सुरू’ असे द्यावे आणि पहिल्या वाक्यात ‘महाविद्यालयाच्या प्राचार्यपदासाठी, ज्याला येथे प्रेसिडेंट म्हणतात, अर्ज मागवण्यात आले आहेत’ असे लिहावे. पुढे प्राचार्य हाच शब्द अखेरपर्यंत वापरावा, आणि नेमणुकीचा ठराव झाल्यावर पुढच्या अंकात ‘निवड’ काढून ‘नेमणूक’ घालावी.