फ्लोरेन्स ते व्हेनिस : मधल्या दोन रात्री

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघं फ्लोरेन्सहून व्हेनिसला जाणार आहोत. मध्ये दोन रात्री मोकळ्या आहेत. बोलोन्याला थांबावं का? मला जुनी शिल्पं बघायची आवड आहे. सौ.चे गुडघे दुखतात, शिवाय ती शाकाहारी आहे, आणि बोलोन्या म्हणजे मांसाहाराचं गाव असं तिच्या कानावर आलंय.

उत्तर : थांबाच. फ्लोरेन्सहून वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते आणि पुढे व्हेनिसला जायला वाट वाकडी करावी लागत नाही.

सामान हॉटेलात टाकलंत की आधी सान्ता मारिया देल्ला व्हिता हे चर्च गाठा. ते जुन्या बाजाराच्या गल्ल्यांतच, व्हिया क्लावातुरेवर आहे. निकोलो देल’आर्का या शिल्पकारानं पंधराव्या शतकात भाजक्या मातीत घडवलेला ‘शोक’ हा मूर्तिसमूह तिथं आहे. खाली ख्रिस्ताचं शव, भोवती सहाजण. डावीकडे गुडघा टेकून बसलेल्या पुरुषाच्या कमरेला हातोडा आहे, आणि तो शवाकडे बघतच नाही, थेट तुमच्याकडे बघतो. उजव्या टोकाला ख्रिस्ताची शिष्या मेरी मॅग्डालीन धावत आलेली. तोंड किंकाळीनं उघडलेलं, अंगावरचं वस्त्र मागे भरकटलेलं. मातीत वारा पकडता येतो, हे मला या मूर्तीनं पटवलं. इथं घाई करू नका. ज्याला शिल्पाची आवड आहे, त्यानं एवढ्याचसाठी बोलोन्याला यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथून सान डोमेनिको चर्च. संत डोमिनिकच्या संगमरवरी कबरीवर याच निकोलोनं काम केलं. 1494 मध्ये तो गेला, तेव्हा काही मूर्ती व्हायच्या राहिल्या होत्या. त्या फ्लोरेन्स सोडून आलेल्या, विशीही न गाठलेल्या मायकेलअँजेलोनं केल्या. खाली दोन्ही कोपऱ्यांवर मेणबत्तीची समई धरलेले देवदूत आहेत. डावा निकोलोचा, नाजूक, हलका. उजवा मायकेलअँजेलोचा, त्याच्या मानेत आणि दंडात ताकद दिसते. दोन्ही एका नजरेत मावतात. पुढचा सगळा मायकेलअँजेलो त्या दंडात आहे!

सान पेत्रोनियो या चर्चच्या फरशीत खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीनं 1655 मध्ये आखलेली जवळपास 67 मीटरची मध्यान्हरेषा आहे. छताजवळच्या भोकातून येणारा सूर्याचा कवडसा मे महिन्यात दुपारी सव्वा वाजण्याच्या जरा आधी तिला ओलांडतो. चर्च दुपारी बंद होत असतात, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा.

गुडघ्यांची काळजी नको, भर गाव सपाट आहे. ऊन असो, पाऊस असो, तुम्ही कमानींखालूनच चालाल. विद्यापीठामुळे माणसं वाढली, तसे लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, आणि 1288 मध्ये नगरानं घरापुढे अशी ओवरी असणं सक्तीचंच केलं. स्ट्राडा माज्जोरे या रस्त्यावरच्या कासा इझोलानी या जुन्या घराचे उंच लाकडी खांब अजून उभे आहेत, ते जरूर बघा. सान लुका चर्चच्या टेकडीवर मात्र पायी जाऊ नका. वाटेत 666 कमानी आणि शेवटी चांगलीच चढण आहे. पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकातून पर्यटकांची छोटी गाडी वर जाते. गावातले दोन उंच मनोरे खालूनच पाहा. कललेल्या गॅरिसेंडाच्या मजबुतीसाठी 2023 च्या ऑक्टोबरात भोवतालचा भाग बंद केला आणि शेजारच्या असिनेल्लीवर चढणंही थांबवलं.

आता जेवण. सौ.नी टॉर्टेलिनी, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या छोट्या पुरचुंड्या, घेऊ नयेत. सारणात डुकराचं मांस असतं आणि ते रश्श्यात देतात, तो रस्साही मांसाचा. त्याऐवजी टॉर्टेलोनी मागवा. आकारानं मोठे, आत रिकोटा चीज, वर लोणी आणि सेजची पानं. सारण काय आहे ते विचारूनच घ्या. क्रेशेन्तिने नावाच्या तळलेल्या पुऱ्या वरून निरुपद्रवी दिसतात, पण त्या बऱ्याचदा डुकराच्या चरबीत तळतात. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दुधाचं विरजण, असतं. तेही चालत नसेल तर पास्त्यावर चीज घालू नका म्हणून आधीच सांगा. तुम्ही स्वतः मांसाहारी असाल तर टॅलियातेल्ले अल रागू, म्हणजे मांसाच्या रश्श्यातला पट्ट्यांचा पास्ता, घ्या. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावलेला असतो. ती फसवणूक नाही, टेबलावर बसण्याचा तो आकार आहे. दुपारचं स्वयंपाकघर अडीचच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळी सातनंतरच उघडतं, म्हणून त्या कवडशाच्या दिवशी जेवणाचं टेबल आधी राखून ठेवा.