राखणीचा कोंबडा अंगावर येतो, काय करावे?

प्रश्न (गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एक शेतकरी भगिनी): आमच्याकडे सात-आठ कोंबड्या आणि एक गावठी कोंबडा आहे. पिल्लू होता तेव्हा मुलांनी त्याला मांडीवर घेऊन वाढवला. आता वर्षाचा झाला आणि अंगावर येतो. सासूबाई तुळशीकडे दिवा लावायला गेल्या की पायांवर झेप घेतो. पोदेराने (पाववाल्याने) तर आमच्या दारात सायकल थांबवणेच सोडले. काठीने मारले की आणखी चवताळतो. राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, बोललेला असल्यामुळे राखण (त्याचा मान) देईपर्यंत विकता येत नाही, कापताही येत नाही. उपाय सांगा.

उत्तर: ताई, आधी ती काठी ठेवून द्या. गावठी नर साधारण पाच-सहा महिन्यांत वयात येतो आणि तेव्हापासून आपल्या माद्या आणि आपले परस राखणे हेच त्याचे काम होऊन बसते. कोंबडीखाली वाढलेला नर माणसापासून चार हात लांब राहतो. मांडीवर वाढलेल्याला माणसाचे भयच नसते, त्यामुळे सासूबाईसुद्धा त्याच्या लेखी दुसरा कोंबडाच. तुम्ही काठी उगारलीत की झुंज जुंपली, आणि पळालात की तो जिंकला, असा त्याचा सरळ हिशेब आहे. पुढची पिल्ले मात्र मुलांच्या हाती देऊ नका.

झेप घेण्याआधी तो इशारा देतो, तो ओळखायला घरातल्या सगळ्यांनी शिकावे. एक पंख खाली सोडून तो तिरका तिरका जवळ येतो, मानेची पिसे फुलवतो, दाणा नसलेल्या जागी उगीच चोच मारतो, आणि डोळा मात्र तुमच्यावर असतो. तिथेच थांबा. पाठ फिरवू नका, हात हलवू नका. सूप किंवा खराटा पायांपुढे आडवा धरा. त्याने मारायचे नाही, नुसते आड धरायचे, त्याची झेप सुपावर बसू द्यायची. दोनतीन वेळा आपटला की तो बाजूला होऊन जमीन उकरू लागतो. मग सावकाश पुढे चाला. काही कोंबडे एखाद्याच चपलेवर किंवा साडीच्या हलणाऱ्या काठावर धावतात. तसे दिसले तर काही दिवस परसात गमबूट घालून जा.

दुसरे काम संध्याकाळचे. अंधारात कोंबड्याला नीट दिसत नाही, त्यामुळे खुराड्यात बसला की तो सहज हाती लागतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून त्याला काखेत घ्या, तोंड मागच्या बाजूला ठेवा, आणि धडपड थांबेपर्यंत धरून मग खाली सोडा. रोज थोडा वेळ पुरे. उकाड्यात चोच उघडून धापा टाकू लागला तर लगेच सोडा. दाणे घरातल्या वेगवेगळ्या माणसांनी घालावेत, पण जमिनीवर टाकून, हातातून भरवून नव्हे.

एवढे करूनही काही कोंबडे सुधारत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. तुमचा तसा निघाला तर राखणीच्या दिवसापर्यंत त्याला जाळीच्या वेगळ्या खोपात ठेवा. वर पत्रा आणि त्यावर चुडते (माडाच्या झावळ्या) घाला, म्हणजे ऊन-पाऊस लागणार नाही. कोंबड्या नराशिवायही अंडी घालतातच, फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. पिल्ले हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक शांत नर पुरतो. ह्या कोंबड्याची अंडी मात्र खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. स्वभाव काही अंशी रक्तातून उतरतो आणि पुढच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन तुम्ही परत पत्र लिहाल.

पायामागचा काटा कापून टाका, असे कोणी सांगेल. ऐकू नका. आत हाड असते, रक्तही असते, मुळापासून कापला तर जखम चिघळते. नुसते टोक कानशीने घासून बोथट करा. जमत नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्या.

काट्याची जखम वरून बारीक दिसते, पण खोल जाते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली धुवा आणि आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. सासूबाईंना मधुमेह असेल तर आजची जखम उद्यावर ढकलू नका. कोंबड्यामुळे रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे, त्यामुळे त्याची धास्ती नको. खरी काळजी लहान मुलांच्या डोळ्यांची, कारण त्यांचा चेहराच कोंबड्याच्या झेपेच्या उंचीवर असतो. कोंबडा मोकळा असताना पोराला परसात एकटे सोडू नये.

पेडण्याहून एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की असा तापट कोंबडा झुंजीसाठी मागायला लोक येतात आणि किंमतही बरी देतात, तर द्यावा का? देऊ नका. कोंबड्यांची झुंज लावणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा आहे. चोचीत फेणी घालून कोंबडा थंड करायचा सल्लाही त्यांना कोणी दिला आहे. दीड-दोन किलोच्या जिवाला घोटभर फेणी म्हणजे विषच, तो थंड होईल तो कायमचा.