कुकीकटर शार्क: भक्षक म्हणायचं की परजीवी?
प्रश्न असा आलाय की कुकीकटर शार्क देवमाशाचं मांस खातो पण त्याने देवमासा काही मरत नाही, मग देवमाशाला त्याचं 'भक्ष्य' म्हणायचं का?

मी तरी म्हणणार नाही. व्युत्पत्ती बघितली तर भक्ष्य म्हणजे नुसतं खाण्याजोगं, पण वापरात या शब्दात जीव जाणं गृहीत असतं, 'वाघाचं भक्ष्य' म्हटलं की ते हरीण संपलेलंच असतं. इथे काय होतं बघा, जेमतेम अर्धा मीटर लांबीचा हा मासा देवमाशाच्या, डॉल्फिनच्या नाहीतर ट्यूनाच्या अंगाला ओठांनी घट्ट चिकटतो, वरचे बारीक दात रुतवतो आणि मग स्वतःच्या अंगाला पीळ देत खालच्या मोठ्या त्रिकोणी दातांनी साधारण 5 सेंटीमीटर रुंदीचा मांसाचा गोळा कापून काढतो. जखम सहसा भरते, गोल वण राहतो. बिस्किटं कापायच्या साच्यावरून नाव पडलंय ते यामुळेच. 'लचका तोडणे' हा आपला वाक्प्रचार चपखल वाटतो खरा, पण लचका म्हटलं की ओरबाडून काढलेला वेडावाकडा तुकडा डोळ्यासमोर येतो, आणि हा घाव तर कडेने एकदम स्वच्छ असतो.

या नात्यासाठी 'बाह्यपरजीवी', म्हणजे दुसऱ्या जिवाला न मारता त्याच्या अंगावर बाहेरून पोट भरणारा, हाच शब्द बरोबर बसतो. ज्याच्या अंगावर परजीवी जगतो तो 'यजमान', म्हणजे इथे देवमासा. न बोलावता येऊन खाणाऱ्याचा यजमान हे मला जरा खटकतं, पण शब्द रुळलेला आहे तर तोच ठेवावा.

आता खरी मेख. हाच मासा स्क्विड, म्हणजे माकूल, अख्खे गिळतो. दिवसा 1000 मीटर किंवा त्याहूनही खोल राहतो, रात्री वर येतो, आणि हवाईजवळच्या शार्कवर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात मुख्य वाटा मधल्या खोलीतल्या छोट्या माशांचा, कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांचा आणि स्क्विडचाच निघाला, देवमासे-ट्यूनासारख्या मोठ्या प्राण्यांचा वाटा कमी. त्यामुळे सरसकट 'परजीवी शार्क' असं लिहिणं चूकच आहे. स्क्विडच्या बाबतीत तो भक्षक आणि स्क्विड त्याचं भक्ष्य, देवमाशाच्या बाबतीत तो बाह्यपरजीवी, आणि एका वाक्यात दोन्ही सांगायचं असेल तर सरळ 'स्क्विड खातो आणि मोठ्या प्राण्यांच्या अंगाचे गोळे कापून नेतो' असं लिहा, त्यात एकही पारिभाषिक शब्द लागत नाही.