उदो, उदे आणि फलकांवरचा 'उधो'

नवरात्राच्या निमित्ताने देवीविषयी वाचायला घेतलेल्या एका वाचकाने विचारलंय: "'आई राजा उदो उदो' मधला उदो आणि बातम्यांमधला 'नेत्याचा उदोउदो' एकच का? मूळ शब्द उदो, उदे की उधो? आणि आईला राजा का म्हणतात?"

'उधो' आधी निकालात काढू. मंडळांच्या फलकांवर, गाड्यांच्या काचांवर, आता मोबाइलवरच्या शुभेच्छांमध्येही हा 'ध' बोकाळलाय. ऊधो म्हणजे व्रजभाषेतला उद्धव, सूरदासांच्या पदांत गोपी ज्याला सुनावतात तो. तुळजापूरच्या आईशी त्याचा काडीचा संबंध नाही. उदो हा 'द'चाच.

बातम्यांमधला उदोउदो हा तोच शब्द, घसरून खुशामतीच्या अर्थाला आलेला. तो अर्थ रूढ आहे, त्याबद्दल भांडण नाही. पण 'भाविकांनी देवीचा उदोउदो केला' असं छापलेलं वाचलं की चीड येते. तिथे 'उदोकार' हा शब्द आहे की! 'उदो बोला उदो अंबाबाई माउलीचा हो, उदोकार गर्जती' ही आरती घरोघरी नऊ दिवस म्हणतात आणि लिहिताना नेमका तोच शब्द आठवत नाही.

आता व्युत्पत्ती. उदय, उदयो, उदो. म्हणजे 'आईचा उदय असो', जयजयकारासारखं. बहुतेक जण इथेच थांबतात. 'उदे' विचारलं तर सांगतात, जय चा जै होतो तसा उदय चा उदे झाला. मला हे मुळीच पटत नाही. 'उदे गं अंबे उदे' म्हणून पाहा. 'गं' कशाला लागतो? ये गं, ऊठ गं, पाव गं. एकनाथांच्या भारुडात 'सत्वर पाव गे मला भवानी आई' आहे. म्हणजे आज्ञार्थी क्रियापदाला. 'जय गं अंबे' असं कोणी म्हणतं का? 'जय अंबे' म्हणतात, कारण मराठीत जय हे नाम आहे. 'उदे'ला मात्र 'गं' सहज चिकटतो. माझ्या मते उदे हे क्रियापद आहे: उगव, प्रकट हो.

असं क्रियापद मराठीत होतं का? होतं. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाची पहिलीच ओवी: 'मावळवीत विश्वाभासु । नवल उदयला चंडांशु'. चंडांशु म्हणजे सूर्य, आणि तो उदयला! शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधल्या ग्रंथात उदयणे हे क्रियापद असं सरळ वापरलेलं आहे. आणि 'उदो'? पसायदान आठवा: तिमिर जावो, सूर्यें पाहो, तो तें लाहो. इच्छा व्यक्त करणारं हे तृतीय पुरुषी '-ओ'. त्याच साच्यात 'आई राजा उदयो', म्हणजे आई राजा उगवो, आणि बोलता बोलता उदो. समोर पाहून हाक मारली की उदे, तिच्याविषयी मागणं मागितलं की उदो. एकाच क्रियापदाची दोन रूपं.

यावर एका व्यासंगी गृहस्थांनी मला आरतीच दाखवली: 'माउलीचा' अशी षष्ठी आहे, मग उदो नामच ठरलं! साहेब, 'कार' कशाला लागतो ते बघा. ओंकार, हुंकार, जयजयकार: तोंडून निघालेल्या उच्चाराला. उदोकार म्हणतात, 'उदयकार' कोणी म्हणत नाही. घोषणा आधी तयार झाली, तोंडात बसली, मग तिचं नाम झालं आणि 'माउलीचा उदो', 'सदानंदीचा उदो' म्हणता येऊ लागलं. त्याच गृहस्थांचं दुसरं मत, की हा शब्द धुपातल्या ऊदावरून आला. ऊद घालतात, तो बोलत नाहीत. या मताला याहून जास्त जागा देणार नाही.

माझी खात्री पटते ती तुळजापूरचा क्रम पाहून. तिथली मूर्ती चल आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला देवीला सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. ही मंचकी निद्रा. घटस्थापनेला ती पुन्हा सिंहासनावर येते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पुन्हा निद्रा, ती आश्विन पौर्णिमेपर्यंत. पौष महिन्यात शाकंभरी नवरात्राच्या आधी आणखी एकदा. निजलेली आई उठून सिंहासनी बसते तेव्हा कुंकवाची उधळण होते आणि सगळं देऊळ 'आई राजा उदो उदो' म्हणतं. तिथे 'विजय असो' हा अर्थ पुरेसा आहे का? तिथे 'उगव आई' हाच अर्थ हवा. गोंधळातही तेच. दिवटी पेटते, संबळ वाजतं, गोंधळी तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई अशी एकेकीला नाव घेऊन 'गोंधळा यावं' म्हणतो. हे येण्याचं आवतण आहे.

वाचायला घेतलंच आहे तर देवीमाहात्म्य, म्हणजे सप्तशती, या अंगाने वाचा. पहिल्याच अध्यायात आहे: 'उत्पन्नेति तदा लोके सा नित्याप्यभिधीयते'. ती नित्यच आहे, पण देवांच्या कार्यासाठी प्रकटते तेव्हा लोक 'उत्पन्न झाली' म्हणतात. दुसऱ्या अध्यायात सगळ्या देवांचं तेज एकत्र येतं, पेटलेल्या पर्वतासारखं दिसतं आणि त्याची नारी होते. एकनाथ हेच मराठीत सांगतात, 'अनादि निर्गुण प्रगटली भवानी'. अनादि, तरी प्रगटली! सूर्य नाहीसा झालेला नसतो, तरी आपण उगवला म्हणतो. उदो हाच शब्द का निवडला गेला, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

राजाचं राहिलंच. सिंहासन तिचं, सीमोल्लंघन तिचं, भोसल्यांची कुलस्वामिनी ती. राजाची सगळी लक्षणं तिच्याकडे आहेत. आणि 'राणी' म्हटलं की शेजारी राजा कोण, हा प्रश्न येतो. तुळजापुरात तो येत नाही.

कोणाच्या घरी गोंधळ्यांच्या किंवा आराध्यांच्या गाण्यांच्या जुन्या हस्तलिखित वह्या असतील तर 'उदयो' असं रूप कुठे सापडतं का ते जरूर पाहा आणि कळवा. सापडलं, तर त्याच्या आधी-नंतरच्या दोन ओळीही उतरवून पाठवा, म्हणजे ते नाम आहे की क्रियापद ते ठरवता येईल.