वाड्याच्या भिंतीला सिमेंट?

प्रश्न : खटाव तालुक्यात आमचा शंभरेक वर्षांचा दोन चौकी वाडा आहे. माजघराच्या भिंतीला ओल होती, म्हणून मागं सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता कमरेएवढी ओल डोक्यापर्यंत चढलीय, पोपडे सुटतायत. ठेकेदार म्हणतो, वरून वॉटरप्रूफिंग मारू. मारावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नको. ठेकेदाराला चहा पाजा आणि वाटेला लावा.

दगडमातीची भिंत जोत्याखालची ओल शोषणारच. वाडा बांधणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल उडून जायची. सिमेंटनं ती वाट बुजली, म्हणून पाणी वर चढलं आणि सोबत क्षार घेऊन आलं. पोपड्यांमागे पांढरं दिसतंय ना, तो लोणा. पण मला काळजी त्या क्षारांची नाही, भिंतीत गाडलेल्या सागवानी खांबांची आणि तुळयांच्या टोकांची आहे. तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला, तर आधी सुतार, मग गवंडी.

भिंतीला हात लावण्याआधी बाहेर चक्कर मारा. पन्हळीचं पाणी कुठं पडतं? गल्लीत काँक्रीटवर काँक्रीट पडून रस्ता जोत्याच्या वर आलाय का? निम्म्या वाड्यांचं दुखणं तिथंच असतं. पाणी आधी भिंतीपासून लांब काढा.

सिमेंट हिवाळ्यात छिन्नी-हातोडीनं काढा, ब्रेकर लावू नका. उन्हाळाभर भिंत उघडी वाळू द्या. मग चांगला विरवलेला, म्हणजे पाण्यात मुरवलेला चुना आणि वाळू. गूळ, हिरडा, बेलफळ घालायची जुनी रीत आहे, पण त्यावाचून अडत नाही. अडतं ते घाई केली की. गिलावा सावकाश वाळायला हवा, रोज पाणी शिंपडत. वर साधी चुन्याची सफेदी. प्लास्टिक पेंट मारलात तर पुन्हा तेच.

जमल्यास वाईजवळ मेणवलीला जाऊन या. कृष्णाकाठचा नाना फडणवीसांचा वाडा, अठराव्या शतकातला. भिंतींवरची चित्रं अजून दिसतात. तिथलं दप्तरही, म्हणजे जुनी कागदपत्रं, इतिहासकारांनी अभ्यासलंय. त्यावरून आठवलं : तुमच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे असतील, तर गवंडी येण्याआधी खाली उतरवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांत रमलेलं आहे, त्यांना दाखवा.