घरच्या घरी व्हॅक्युम फॉर्मिंग कसं सुरू करावं? नमनाच्या (कोकणातल्या लोकनाट्याच्या) सोंगांसाठी हलके मुखवटे करायचेत, मशीन नाही

व्हॅक्युम फॉर्मिंग म्हणजे प्लास्टिकची शीट तापवून मऊ करायची आणि खालून हवा ओढून साच्यावर बसवायची. मशीनच्या मागे आत्ता लागूच नका. मुखवट्याएवढ्या साइजला ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) आणि घरातला व्हॅक्युम क्लीनर पुरतो, मी इकडे गुहागरला आमच्या मंडळाचे मुखवटे तसेच काढतो. फक्त तो ओटीजी परत खाण्यासाठी वापरायचा नाही आणि दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावायचे नाहीत.

शीट हिप्सचीच (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरिन, एक प्लास्टिक) मागा, 1 किंवा 1.5 मिमी. एबीएस, पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिकं हवेतली ओल पितात आणि तापवलं की शीटभर बारीक फोड येतात, आपल्या खाऱ्या दमट हवेत तर जास्तच, हिप्सला तो त्रास जवळजवळ नाही. सनबोर्ड स्वस्त मिळाला तरी नको, तो पीव्हीसीचा असतो, जास्त तापला की ॲसिडचा धूर सोडतो.

प्लायची बंद पेटी करा, वरच्या फळीला इंचा-इंचावर भोकं, बाजूने क्लीनरचा पाइप, सांधे सिलिकॉनने बंद आणि कडेने फोमची पट्टी. शीट लाकडी फ्रेममध्ये क्लिपांनी घट्ट आवळायची.

साच्यावर मात्र वेळ घाला, सगळं काम तिथेच आहे. पीओपीचा चालतो पण खडखडीत वाळलेला हवा, पावसात त्याला बरेच दिवस लागतात. बाजू सरळ उभ्या नकोत, थोडा उतार ठेवा नाहीतर साचा आतच अडकून बसतो. डोळ्याची खोबण, नाकपुडी, ओठांची फट इथे हवा कोंडते आणि चेहरा बोथट येतो, म्हणून तिथे 1 मिमीची भोकं पाडून खालपर्यंत न्या. गणपतीची सोंड एका शीटमध्ये काढायचा हट्ट नको, ती वेगळी करून चिकटवा.

तापवताना घड्याळ नाही, शीट बघायची. आधी तिच्यावर लाटा येतात, आणि बरेच जण इथेच घाई करतात, थांबा, मग ती परत ताणून सपाट होते आणि त्यानंतर मध्ये पोट सुटायला लागतं, इंचभर खाली आलं की जाड हातमोजे घालून फ्रेम काढा, क्लीनर चालू करा आणि पेटीच्या भोकांच्या फळीवर ठेवलेल्या साच्यावर एका दमात दाबा. पुढच्या दोन-तीन सेकंदांत जे व्हायचं ते होतं. प्लास्टिक कडक होईपर्यंत क्लीनर बंद करू नका. ओटीजी सोडून कुठे जाऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा.

मुखवट्याचं नाक जाड राहतं पण कानाजवळची कड ताणून पातळ होते आणि इलॅस्टिक नेमकं तिथेच लागतं, म्हणून आतून कापडाची पट्टी चिकटवून मगच भोक पाडा. नाचणाऱ्याला दम लागतो, तेव्हा नाकपुड्या आणि तोंड मोठं कापा. रंग ॲक्रिलिकचेच वापरा, थिनरवाल्या रंगाने हिप्स विरघळतं.