एक टीबीची डिस्क ९३१ जीबीच का दाखवते?

प्रश्न : नवी एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजवर ९३१ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवले का?

उत्तर : नाही. उत्पादक एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात आणि तेवढे ते देतातही. विंडोज मात्र १०२४ चा तीनदा गुणाकार करून येणाऱ्या १,०७,३७,४१,८२४ बाइटना एक जीबी मानते, आणि या संख्येने भागले की ९३१ उरतात. या मोठ्या एककासाठी १९९८ मध्ये ‘गिबिबाइट’ हे वेगळे नाव ठरले, तरी विंडोज अजूनही ‘जीबी’च लिहिते, आणि खरा घोळ आमच्या मते तिथेच आहे. मॅकवर २००९ पासून दशमान मोजणी असल्याने हीच डिस्क तिथे सुमारे १,००० जीबी भरते. खात्री हवी असल्यास विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तिथे जीबीशेजारी बाइटचा पूर्ण आकडाही दिसतो.